दिवा बंद, रेडिओ बंद, काच वर

आधी चूक कबूल करतो, नाहीतर मी ती शेवटच्या ओळीपर्यंत ढकलत नेईन. तशी मला सवय आहे. माझ्या वडिलांना विसर पडू लागला आहे, असं मी त्यांना पटवलं. त्यांना पटवलं, समोरच्या घरच्या मामांना पटवलं, आणि एका डॉक्टरांसमोर साक्षही दिली. अप्पांची स्मरणशक्ती ठणठणीत होती. बिघडलेलं होतं ते मी माझ्या हातांनी त्यांच्या गाडीत केलेलं वायरिंग. आणि मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. वीज कुठून निघते, कुठे जाते आणि कुठे वाया जाते, हे फळ्यावर बाण काढून मुलांना समजावणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे.

गाडी अप्पांची. तंजावुराजवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली. पांढरी, चौकोनी, हाताने काचा फिरवायची. आता तिचा पांढरा रंग जुन्या वेष्टी-धोतरासारखा पिवळट झाला आहे. पुढे गणपती, राखदाणीत कुंकवाची पुडी, आणि मागच्या काचेपाशी एक छत्री, जी कोणाची आहे हे आता कोणालाच सांगता येत नाही. दर शुक्रवारी अप्पा ही गाडी घेऊन तिरुवैयारूला जात. त्यांच्या कचेरीतले एक जुने स्नेही तिथे नदीपासून थोड्या अंतरावर राहतात. त्यांची सून लहान मुलांना गाणं शिकवते. दोघे म्हातारे ओट्यावर बसत आणि आतून येणारं गाणं ऐकत. ऐकत म्हणजे कुठलं पोर कुठे घसरणार याचा आधीच अंदाज बांधत. घसरलं की दोघे एकमेकांकडे बघून माना डोलवत. परत येताना अप्पांचा चेहरा गाण्याची मोठी कच्चेरी ऐकून आल्यासारखा असे.

एका शुक्रवारी गाडीचा डावा आरसा मोडून आला. अप्पा म्हणाले, बस घासून गेली. मी म्हणालो, असेल. पण मनात म्हणालो, बस घासून गेली की तुम्ही बसला घासून गेलात? अप्पा ऐंशीच्या घरात. मी वर्तमानपत्रात म्हाताऱ्यांच्या अपघातांच्या बातम्या वाचतो आणि त्या मनात जपून ठेवतो. सरळ विचारण्याचं धैर्य मला कधीच नव्हतं. म्हणून मी गाडीच्या पुढच्या काचेला लावायचा डॅशकॅम मागवला.

"कशाला?" बायकोने विचारलं.

"पुरावा. उद्या बसवाल्याने उलटा आरोप केला तर?"

"बसवाल्यावर नजर ठेवायची आहे की मामंजींवर?"

मी पेपर उघडला. आमच्या लग्नात तिचे निम्मे प्रश्न असेच उत्तराविना माझ्या खाती जमा आहेत.

अप्पांना मी तेच सांगितलं: पुरावा. त्यांनी तो छोटा काळा कॅमेरा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "ह्याला आमचं बोलणंही ऐकू येतं कां?"

"येतं."

"मग गाडीत सांभाळून बोलायला हवं तुला," ते म्हणाले.

ते खरं होतं. आमच्या घराण्यातली बहुतेक माणसं रस्त्यावर सज्जन असतात, कारण शिव्या मराठीत देतात. तंजावुरात मराठी म्हणजे घराचा पडदा. बाजारात भाजी वाईट आहे हे मराठीत सांगायचं, पाहुण्यासमोर फिल्टरची कापी कमी आहे हे मराठीत सांगायचं, ऑटोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मराठीत करायचा आणि मग तमिळमध्ये हसून "सरी, पोलाम", बरं, निघू या, म्हणायचं. ही सोय आम्हाला इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याशिवाय आम्ही कसे वागलो असतो याची कल्पनाच करवत नाही. हे वाक्य लिहिणारा मी स्वतः ही लिपी चाळिशी उलटल्यावर शिकलो. आमच्यात बहुतेकांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. तेव्हा अप्पा हे कधी वाचतील अशी भीती नाही. पण भित्रा माणूस म्हणून माझी कीर्ती तेवढ्यावर अवलंबून नाही. पुढे कळेलच.

कॅमेरा दुकानात बसवून देत होते. पण दुकानवाला वायर आरशापासून खाली लोंबकळत ठेवतो, असं मी दुसऱ्यांच्या गाड्यांत पाहिलं होतं. मला वायर दिसायलाच नको होती. फोनवर एक चित्रफीत पाहिली. त्यात हातमोजे घातलेला माणूस नव्या गाडीचं प्लॅस्टिक बोटाने ओढतो, ते टुक् करून निघतं, तो वायर आत सरकवतो आणि टुक् करून परत बसवतो. हे मी तीनदा पाहिलं आणि मला सगळं येतं असं वाटू लागलं.

जुन्या गाडीचं प्लॅस्टिक टुक् करत नाही. ते कट् करतं. पुढच्या काचेशेजारच्या खांबावरची पट्टी मी स्वयंपाकघरातल्या लाकडी उलथन्याने उचकटली, आणि आतल्या खुंट्या उन्हात वाळलेल्या आप्पळ-पापडासारख्या मोडल्या. छताच्या कापडाखाली वायर सरकवायला जुनं लायब्ररीचं कार्ड वापरलं. कापडामागून वर्षानुवर्षांचा भुसा माझ्या डोळ्यांत पडत होता. दाराच्या रबराखालून वायर खाली नेली, आणि शेवटी ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळच्या फ्यूजांच्या डब्यात डोकं घातलं. पाय बाहेर, धड आत. समोरच्या घरचे मामा फाटकाशी येऊन माझ्या पायांशी तमिळमध्ये बोलू लागले.

"सार, गाडीत काय हरवलं?"

"काही नाही मामा. वायरिंग."

"तुम्ही स्वतः?"

"फिजिक्सच की मामा," मी आतून म्हणालो.

आता चूक कुठे झाली ते नीट सांगतो, कारण ही चूक मी वर्गात विद्यार्थ्याला माफ केली नसती. गाडीत काही फ्यूज असे असतात की चावी बंद केली की त्यांची वीज बंद होते. काही असे असतात की चावी असो नसो, वीज चालूच. आतला दिवा, भोंगा हे दुसऱ्या प्रकारचे. कॅमेरा पहिल्या प्रकारच्या फ्यूजला जोडायला हवा होता. डब्याच्या झाकणावरचा नकाशा पुसट झाला होता. मी एका फ्यूजला वायर जोडली, चावी फिरवली, कॅमेरा लागला. मी टाळी वाजवली. मग चावी बंद केली. कॅमेऱ्याचा छोटा पडदा थोड्या वेळाने काळा झाला. मी म्हणालो, बघ, बंद झाला. तो बंद झाला नव्हता. वीज वाचवण्यासाठी तो फक्त पडदा मिटतो. काम चालूच ठेवतो. ते सांगायला त्यावर एक बारीक लाल दिवा असतो. आणि त्या लाल दिव्यावर मी आधीच काळ्या टेपचा तुकडा चिकटवला होता. वायर दिसत नाही तर दिवा तरी कशाला दिसावा?

बायको बघायला आली. "कुठे आहे वायर?"

"शोधून दाखव," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात अभिमानाचे क्षण कमी आहेत. हा त्यातला एक होता.

"छान," ती म्हणाली. "ते उलथनं आता गाडीतच ठेवा. माझ्या तव्यावरच्या दोशाला लावायचं नाही."

पहिल्या आठवड्यात एका लग्नामुळे गाडी रोज फिरली, आणि फिरणाऱ्या गाडीची बॅटरी भरत राहते. शुक्रवारी अप्पा जाऊन आले. मी त्यांच्या प्रवासाचं चित्रण गुपचूप फोनवर पाहिलं. अप्पा सावकाश जातात. बसला आधीच वाट देतात. शेळ्या आडव्या आल्या तर थांबून त्यांच्याशी बोलतात. मला दोष सापडेना, आणि खोटं कशाला बोलू, थोडी निराशाच झाली. त्यानंतर माझ्याच रविवारच्या फेरीचं चित्रण लागलं. त्यात मराठीत जे ऐकू येत होतं ते ऐकून मी फोन बंद केला आणि पुन्हा काही पाहायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या आठवड्यात गाडी अंगणात उभीच होती. शुक्रवारी सकाळी अप्पांनी चावी फिरवली. टिक्. बस्स.

मेकॅनिक आला. बॅटरी चांगली आहे म्हणाला. काहीतरी चालू राहिलं असणार, त्याने उतरली.

अप्पा विचारात पडले. "काल सायंकाळी चष्मा शोधायला आलो होतो. आतला दिवा राहिला असेल कां रे?"

"राहिलाच असणार अप्पा," मी म्हणालो. किती सहज म्हणालो! भांड्यात पाणी ओतावं तसं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा टिक्. अप्पा म्हणाले, "दिवा मी बंद केला होता. मला लख्ख आठवतं." मी म्हणालो, "आठवतं असं वाटतं, अप्पा. होतं असं कधीकधी." आवाजात मी जेवढी माया घालता येईल तेवढी घातली होती. आता वाटतं, खेकसलो असतो तर बरं झालं असतं. त्यांनी मला उलट सुनावलं असतं आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. मायेने बोललेल्याला उत्तर कसं द्यायचं?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अप्पांचे थोरले भाऊ, माझे काका, शेवटी सगळं विसरले. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ता, मग माणसं. एकदा बसमध्ये बसले ते उतरायचंच विसरले. कंडक्टरने शेवटच्या थांब्यावर त्यांना चहा पाजून बसवून ठेवलं होतं. अप्पांनीच त्यांना सांभाळलं. काकांनी अप्पांना शेवटी शेवटी "तुम्ही कोण, फार चांगले आहात" असं म्हटलं होतं. अप्पा ते हसून सांगतात, पण ज्या दिवशी सांगतात त्या दिवशी जेवत नाहीत.

तर अप्पांनी एक मंत्र तयार केला. गाडी लावली की उतरून तिच्याभोवती फिरायचे आणि एकेका गोष्टीला हात लावून मोठ्याने म्हणायचे: "दिवा बंद. रेडिओ बंद. काच वर. दार." घरात यायचे, ओट्यापर्यंत पोचायचे, आणि परत जायचे. "दिवा बंद. रेडिओ बंद." बायको ओट्यावरून बघायची.

"तुम्ही एकदा ते तुमचं यंत्र तपासा ना," ती मला म्हणाली. "ते बसवण्याआधी कधी गाडी बंद पडली होती?"

"त्याचा काही संबंध नाही. ते चावीबरोबर बंद होतं."

"बघितलंत?"

"मी जोडलंय ना," मी म्हणालो. हे उत्तर नाही, हे आता मलाही कळतं.

तिसऱ्यांदा टिक् झाल्यावर अप्पांनी गाडीबद्दल काही विचारलं नाही. ते म्हणाले, "मला डॉक्टराकडे ने."

डॉक्टर तरुण होते, हसरे. त्यांनी अप्पांना काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. अप्पांनी सगळं बरोबर केलं. आज वार कोणता, हे विचारल्यावर अप्पांनी वार सांगितला आणि वर तिथी, नक्षत्रही सांगितलं. डॉक्टरांनी मान्य केलं की तिथी त्यांना स्वतःलाच ठाऊक नाही.

"मग त्रास काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

आणि मी, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, सरळ बसलो आणि म्हणालो, "गाडीतला दिवा चालू ठेवतात, सर. वारंवार. आणि त्यांना आठवत नाही."

अप्पा टेबलावरच्या घड्याळाच्या चित्राकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण दिसत नाही, लक्ष ठेवा. बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "भला माणूस आहे. तोंडावर सांगवलं नाही त्याला."

मग सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे ज्याचं जे हत्यार, ते देवीपुढे ठेवतात. बायकोची कॉलेजची पुस्तकं, अप्पांची तमिळ लिपीतली पोथी आणि जुनं शाईचं पेन, गाडीची चावी. मी माझी पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर ठेवला. ज्या पक्कडीने मी ती वायर दाबली होती, तिला मी चंदन लावलं, कुंकू लावलं, नमस्कार केला. देवीने काही म्हटलं नाही. ती शिकलेल्यांना सांभाळून घेते. त्या दिवशी कोणी वाचायचं नाही, लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुन्हा पूजा करून ज्याने त्याने आपलं उचलायचं आणि थोडं तरी वापरायचं.

गाडीची पूजा सायंकाळी अंगणात; चावी तेवढ्यापुरती देवीपुढून उचलायची आणि परत ठेवायची. अप्पांनी स्वतः गाडी धुतली. चाकांना चंदन, पुढे झेंडूची माळ, कोहळा फोडला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. ह्यानंतर मालकाने गाडी पुढे घ्यायची, लिंबं चिरडली जायला हवीत, की वर्षभराची पीडा टळली. आमच्या रस्त्यावर त्या वेळी प्रत्येक फाटकासमोर हेच चाललेलं असतं. स्कूटरी, ऑटो, एकाचा तर ट्रॅक्टर. सगळे एकमेकांची लिंबं चिरडलेली बघायला उभे राहतात.

अप्पा नवी वेष्टी नेसून बसले. देवाचं नाव घेतलं. चावी फिरवली.

टिक्.

पुन्हा फिरवली. टिक्. पलीकडच्या ऑटोवाल्याचा भोंगा थांबला. समोरचे मामा जवळ आले. "काय सार, पुन्हा?"

ह्या क्षणी मी गप्प बसू शकलो असतो. मराठीत काही पुटपुटलो असतो तरी चाललं असतं. पण रस्ताभर माणसं बघत होती, आणि वायरिंग मी केलं आहे हे मामांना ठाऊक होतं. मला वाटलं, हे माझ्यावर येऊ नये. मी तमिळमध्ये म्हणालो, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "अप्पांना हल्ली विसर पडतो, मामा. दिवा चालू ठेवतात."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याने घरातली अंथरुणं बाहेर रस्त्यावर आणून टाकावीत आणि आपण बघावं, तसं. काकांच्या आजाराची सगळी वर्षं अप्पांनी ती गोष्ट रस्त्यावर जाऊ दिली नव्हती. काका ओट्यावर बसून भलतंच बोलायचे, तेव्हा अप्पा शेजाऱ्यांना तमिळमध्ये म्हणायचे, दादा जुनं गाणं आठवतोय. घरातलं घराच्या भाषेत ठेवायचं, ह्याशिवाय दुसरा कुठला नियम मला लहानपणापासून कोणी शिकवला होता?

शेवटी सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. लिंबं चिरडली गेली. मामा टाळ्या वाजवत म्हणाले, झालं, झालं. मग ते अप्पांशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले, लहान मुलाशी बोलावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने पुस्तक उचललं, अप्पांनी पोथी उचलून एक पान वाचलं, मी पक्कड उचलली. चावी देवीपुढे राहिली.

"अप्पा, चावी," मी म्हणालो.

"राहू दे. तू घे हवी तर."

मी घेतली नाही. पण तिथून हलवलीही नाही. बायको रोज तिच्याभोवतीची फुलं बदलायची आणि माझ्याकडे बघायची.

शुक्रवार आला. मी म्हणालो, मी सोडतो. अप्पा म्हणाले, तुझं कॉलेज आहे. बायको म्हणाली, बस आहे ना मामंजी, आपल्या थांब्यावरून सुटते. अप्पा हसले. "बसलो आणि उतरायचं विसरलो तर, अगो?" तिरुवैयारूहून स्नेह्यांचा फोन आला. अप्पांनी सांगितलं, पाय दुखतो. नंतरच्या शुक्रवारीही पायच दुखत होता.

आणि मी? मला, मनाच्या अगदी तळाशी, बरं वाटत होतं. आता ते रस्त्यावर नाहीत, म्हणजे सुरक्षित आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो. विचारायचं धैर्य नव्हतं म्हणून कॅमेरा लावला, आणि कॅमेऱ्याने न विचारताच उत्तर आणून दिलं होतं.

मग एका रविवारी मला गाडी हवी होती. मेकॅनिकने पूजेनंतर बॅटरी पूर्ण भरून दिली होती आणि त्यानंतर गाडीला कोणी चावी लावली नव्हती. मी देवीपुढची चावी उचलली, बसलो, फिरवली.

टिक्.

बायको ओट्यावर मुरुंगाच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "आता कोणी दिवा चालू ठेवला?" तिने विचारलं.

मी चावी बंद केली. मग कॅमेऱ्यावरच्या टेपचा तुकडा नखाने उचकटला. बॅटरी मेली होती, लाल दिवा लागणार नव्हता; पण मला तो दिसल्यासारखाच झाला. मी आतलं कार्ड काढून घरात नेलं आणि लॅपटॉपला लावलं.

बॅटरी संपेपर्यंतचं सगळं होतं. आमचं फाटक, त्यापुढे मामांचं फाटक. मामा झाडांना पाणी घालतात. गाय येते, उभी राहते, जाते. तासन्‌तास फाटक. बंद गाडीतून. मी मान खाली घालून बघत होतो, कारण माझ्या चुकीचं इतकं सविस्तर चित्रण मी कधी पाहिलं नव्हतं.

मग सायंकाळच्या उजेडात दार उघडल्याचा आवाज आला. सीट करकरली. दिसत काहीच नव्हतं, फाटकच दिसत होतं; पण आवाज अप्पांचा. गाडी कोणी चालवत नव्हतं, तरी ते तपासायला आले होते. "दिवा बंद. रेडिओ बंद. काच वर." मग ते हळूच म्हणू लागले, तिरुवैयारूच्या रस्त्यावरच्या नद्यांची नावं, आपल्या घरापासून क्रमाने: "वडवारु. वेण्णारु. वेट्टारु. कुडमुरुट्टि. कावेरी." मग परत पहिल्यापासून. मग उलटी, कावेरीपासून घरापर्यंत. एकही चुकलं नाही. शेवटी म्हणाले, "आज तरी आहेत." आणि दार लागलं.

हे दुसऱ्या सायंकाळीही होतं. तिसऱ्याही. पुढचं मी पाहिलं नाही.

त्याच दिवशी मी बॅटरी भरून घेतली आणि वायर योग्य फ्यूजला जोडली. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून मीटर आणून चावी बंद असताना प्रवाह मोजला, शून्य. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. बायकोला सगळं सांगितलं.

"मला सांगून काय होणार?" ती म्हणाली. "मी काय विसरले होते?"

पण मी अप्पांना सांगितलं नाही. योग्य वेळ बघत होतो. सोमवारी अप्पांचं पोट ठीक नव्हतं. मंगळवारी मंगळवार होता. बुधवारी मी तिरुवैयारूला जाऊन अशोका घेऊन आलो. मुगाचा तो तुपात भिजलेला हलवा अप्पांना फार आवडतो. त्यांनी पुडी उघडली, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"परीक्षेत नापास झालास की असं काही घेऊन यायचास. आता काय झालं?"

"काही नाही अप्पा. सहज."

"बरं," म्हणून त्यांनी अर्धा हलवा मला दिला. तो मी खाल्ला, आणि बायकोने पाणी आणून ठेवलं, जरा जोरात.

"उद्यापर्यंत," ती आत जाता जाता म्हणाली. "शुक्रवारी मी सांगेन."

शुक्रवारी सकाळी ती सांगायला निघाली तेव्हा मी उठलो. देवीपुढची चावी घेतली आणि ओट्यावर गेलो. अप्पा पेपर वाचत होते.

"अप्पा, जरा गाडीत बसा."

"कोण चालवणार?"

"आधी बसा तर. तुमच्या जागेवर."

ते बसले. मी शेजारी बसलो. छताच्या कापडाखाली बोट घालून मी वायर थोडी बाहेर ओढली आणि त्यांना दाखवली, खांबावरून, दाराच्या रबरातून, त्यांच्या गुडघ्यापर्यंत. कुठला फ्यूज, कुठली वीज, पडदा कसा मिटतो, टेप का लावला. समजावण्यात मी बराच वेळ घेतला. वर्गात जे विद्यार्थी चूक झाकायला लांब उत्तर लिहितात, त्यांना मी ओळखतो.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दिवा मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

ते फाटकाकडे बघत राहिले. त्यांचे हात मांडीवर होते. एका हाताने दुसरा धरला होता. मग विचारलं, "डॉक्टराला तू काय सांगितलंस, आठवतं?"

"आठवतं, अप्पा."

"पूजेच्या दिवशी?"

"तेही आठवतं."

"म्हणजे तुझंही डोकं ठीक आहे." त्यांनी हात पुढे केला. मी चावी दिली. त्यांनी ती फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. कॅमेऱ्यावर लाल ठिपका लागला. अप्पांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "ह्यात आवाज भरतो ना?"

"भरतो."

"मग जे बोलायचं ते तिकडे बघून बोल. उद्या मी खरंच विसरलो, तर ऐकवता येईल मला."

मी लाल ठिपक्याकडे बघितलं आणि मराठीत बोललो. नीट जमलं नाही. अप्पांनी मान हलवली. बायको ओट्यावर उभी होती; तिनेही हलवली, पण आडवी. समोर मामा झाडांना पाणी घालता घालता थांबले होते, आणि गाडी ढकलायची असेल म्हणून लुंगी वर खोचत फाटक उघडून येत होते.

"हे झालं घरातलं," अप्पा म्हणाले. "पूजेच्या दिवशी तू कुठल्या भाषेत बोलला होतास?"

मी हाताने फिरवून माझ्या बाजूची काच खाली केली. मामा खिडकीशी येऊन वाकले आणि नेहमीसारखे मोठ्याने, सावकाश, अप्पांना विचारू लागले, काय झालं. अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मामांकडे, मग अप्पांकडे वळलो, आणि इंजिनाच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात, रस्त्याच्या भाषेत, पहिल्यापासून म्हणालो: अप्पा काही विसरले नव्हते. वायर मी चुकीची जोडली. माझी चूक झाकायला त्यांचं नाव घेतलं, सगळ्यांसमोर. कळल्यावरही गप्प बसलो. अप्पा, माझं चुकलं, मला क्षमा करा.